मोकळ्या तारा

रविवार, रात्री साडेदहा. सांगली.

सकाळपासून पावसाची झड होती, तरी मिरजेला जाऊन तंबोरा आणलाच. महिनाभर सतारमेकर गल्लीत जवारीसाठी, म्हणजे तारेचा झंकार खुलवून घेण्यासाठी, होता. कारागिरांनी घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, हलक्या हाताने कानस फिरवली, मग तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे सारत राहिले. एका जागी तार एकदम बोलायला लागली. बरोबर आलेला भाचा भोपळ्याला कान लावूनच बसला.

गिटारवर बसवत असलेल्या गाण्याबद्दल त्याचं आठवडाभर एकच गाऱ्हाणं. "मावशी, कॉर्ड्स बरोबर आहेत, पण 'यलो' तसं वाजत नाही गं."

'यलो' ज्यात आहे तो 'पॅराशूट्स' माझ्याकडे विलिंग्डन कॉलेजात असताना आला, कुणाच्या तरी सीडीवरून भरून घेतलेल्या कॅसेटवर. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा हा पहिला अल्बम, जुलै 2000 चा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जमलेली चार पोरं, विशीतली. विल चॅम्पियन तर बँडमध्ये आल्यावर ड्रम शिकला. म्हणूनच असेल, तो कुठेही हात दाखवायला जात नाही. 'स्पार्क्स' ऐकावं, झोपलेल्या घरात कुणी हळू बोलावं तसं आहे. ज्या गाण्यावरून अल्बमचं नाव पडलं ते जेमतेम 46 सेकंदांचं. बंदिशीचा मुखडा म्हणून गवई उठून गेला, असं वाटतं. तेवढंच पुरतं. 'हाय स्पीड' मला कधीच लागलं नाही, अजूनही पुढे ढकलते.

'यलो'चा व्हिडिओ मात्र आता वेगळा दिसतो. पावसाळी समुद्रकिनारा आणि रेनकोटमधला एकटा गायक ख्रिस मार्टिन. बाकीचे तिघे का नाहीत, हे मला फार उशिरा कळलं: त्याच दिवशी विलच्या आईचे अंत्यसंस्कार होते. तेव्हापासून त्या गाण्यातला आनंद मला अधिक खरा वाटतो. आई गेली त्या वर्षी मी हेच सर्वांत जास्त ऐकलं.

तर गाऱ्हाण्याचं. घरी आल्यावर शोधलं, तर 'यलो'ची गिटार नेहमीसारखी लावलेलीच नाही. चौथी तार उतरवून बी, पहिली अर्धा सूर उतरवून डी शार्प. गाणं बी मेजरमध्ये, म्हणजे आपल्या पेटीची पांढरी सात. मग वरच्या दोन तारा, मुळातच बी असलेली दुसरी आणि ही पहिली, काय झाल्या? षड्ज आणि शुद्ध गंधार! बोटं खाली कुठेही फिरोत, या दोन मोकळ्या तारा झणझणतच राहतात. पंचवीस वर्षं हे गाणं मला का धरून ठेवत होतं, ते आज कळलं. त्याच्या पाठीशी तंबोरा आहे. मी शास्त्रीय शिकलेली बाई, आणि हे माझ्या कानातून निसटलं होतं.

भाच्याने तारा उतरवल्या. मी तंबोरा काळी पाचवरून पांढरी सातला चढवला आणि जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन, तारा गिटारच्या षड्जाशी मिळवून घेतल्या. मग तंबोरा भिंतीला टेकवून ठेवला. त्याने पहिला स्ट्रोक मारला, कॉर्ड खोलीभर पसरली. मी हात वर करून त्याला थांबवलं. त्याने पंजाने गिटारच्या तारा दाबल्या.

गिटार गप्प झाली. भिंतीशी, कुणी हात न लावलेला तंबोरा बारीक गुणगुणत होता.

"मावशी, परत वाजवू?"

वाजव म्हटलं.