पावडर टाकूनही वास का येतो?

"दर महिन्याला पावडर टाकतो, तरी कपड्यांना कुबट वास येतोच. मशीन बदलायचं का?" वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीला गेलो की हे हमखास विचारतात. पावडर म्हणजे डीस्केलिंगची, क्षार काढायची. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: मशीन बदलू नका. ती पावडर क्षारासाठी आहे, आणि तुमचा वास क्षाराचा नाही.

मशीनमध्ये घाण दोन प्रकारची साठते. एक क्षार. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं. पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट वेगळं होऊन पांढरं पापुद्र्यासारखं हीटरवर बसतं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात जडपणाची, म्हणजे याच क्षारांची, मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमच्या नळांच्या तोंडाशी पांढरे डाग पडत असतील तर हीटरवरही तेच चाललंय. त्यावर आम्लच चालतं, आणि डीस्केलिंगच्या बहुतेक पावडरींत मुख्य असतं ते सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व. धरणाचं, कमी क्षाराचं पाणी येणाऱ्या घरी मात्र दर महिन्याला ही पावडर टाकणं म्हणजे पैसे मोरीत ओतणं.

दुसरी घाण बुळबुळीत. न विरघळलेली साबणाची पावडर, कंडिशनर, अंगाचं तेल, कपड्यांचा धागा-धुरळा, सगळं मिळून एक चिकट थर तयार होतो आणि त्यात जिवाणू सुखाने राहतात. धुतलेल्या कपड्यांच्या ओलसर वासामागे मोराक्झेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो, हे जपानी संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिलं. आपण बहुतेक जण थंड पाण्यात धुतो, त्यामुळे हा थर सुटतही नाही आणि जिवाणू मरतही नाहीत. फ्रंट लोड असेल तर दाराच्या रबराची खालची घडी उलटून बोट फिरवा. काळं, बुळबुळीत काही लागलं, तर बाहेरच्या न दिसणाऱ्या टबलाही तेच लागलेलं आहे असं समजा.

याला गरम पाणी हवं. मशीन रिकामं ठेवून टब क्लीन, नाहीतर ६० अंशांच्या वरचा प्रोग्रॅम लावा आणि ड्रममध्ये सोडियम परकार्बोनेट असलेली ऑक्सिजन ब्लीच पावडर टाका, प्रमाण डब्यावर असतं तेवढंच. टॉप लोडला बहुधा हीटर नसतो. तिथे बादलीने गरम पाणी ओता (उकळतं नको), थोडं फिरवून तासभर भिजत ठेवा, मग पुढे चालवा. रबराची घडी आणि साबणाचा कप्पा हाताने ब्रशने घासावा लागतो, तिथे कुठला प्रोग्रॅम पोचत नाही. आणि एक गोष्ट कधीच करू नका: क्लोरीनवालं ब्लीच आणि लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर एकत्र. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो भलताच महागात पडतो.

थर पुन्हा बसू नये म्हणून साबण कमी करा. माझं ऐकत नाहीत ते इथेच. फेस दिसला नाही की कपडे स्वच्छ झाले नाहीत असं वाटतं. धुतलेले कपडे साबण न घालता पुन्हा एकदा चालवून बघा. भरपूर फेस आला तर तुमचं माप चुकतंय. जड पाण्याला साबण थोडा जास्त लागतो हे खरं, पण दुप्पट नाही. मग दार किंचित उघडं ठेवायचं, विशेषतः पावसाळ्यात. घरात लहान मूल असेल तर त्याला आत शिरता येणार नाही याची सोय करून. अन् ते झालरीचं प्लॅस्टिक कव्हर ओल्या मशीनवर लगेच घालू नका. मला त्या कव्हरांचा रागच आहे.

फ्रंट लोडच्या खाली पुढच्या बाजूला एक झाकण असतं, त्यामागे पंपाचा फिल्टर. स्विच बंद करून, खाली परात आणि फडकं ठेवून हळूहळू उघडा. नाणी, पिना, बाळाचा एखादा मोजा आणि आठवड्यांचं सडलेलं पाणी, असं सगळं निघतं.

हे सगळं करूनही वास राहिलाच तर घाण पाणी बाहेर सोडणारा पाइप बघा. तो मोरीच्या जाळीत खोल खुपसून वर कपड्याने घट्ट बसवलेला असतो, आणि मोरीचाच वास पाइपातून उलटा मशीनमध्ये चढतो. पाइप थोडा वर ओढा, कपडा काढा, आणि दोन दिवस वास घेऊन बघा. मला बोलवायचं ते त्यानंतर.