पाणी किती, वारो किती

विषयपत्रिकेवरचा सातवा विषय: ‘पाणीपुरवठा विभागाच्या जमाखर्चाचे अवलोकन व नळजोडण्यांना मीटर बसविण्याच्या प्रस्तावावर विचारविनिमय.’ मे २०१७. दक्षिण कोकणातल्या किनाऱ्यावरची आमची छोटी नगरपरिषद. आदल्या नोव्हेंबरात निवडणूक झालेली, नगराध्यक्ष थेट जनतेतून आलेले, सभागृहात निम्म्याहून जास्त चेहरे नवे. मी तिथे लेखापाल होते आणि त्या विषयाची टिपणी माझ्या हातची होती.

टिपणीसाठी मी महिनाभर घासले होते. आमच्याकडे पाण्याला खर्च किती येतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पंपांचं वीजबिल दिवाबत्तीच्या बिलांबरोबर एकाच शीर्षात पडायचं. वॉलमनचे पगार आस्थापनेवर. तुरटी आणि क्लोरीन भांडार विभागाकडे. एप्रिल-मेचे टँकर टंचाईच्या खात्यात. धरणाच्या पाण्याचं जलसंपदा विभागाचं बिल तर ‘संकीर्ण’मध्ये सापडलं. पाच ठिकाणचे आकडे मी एका कागदावर आणले तेव्हा रात्री नऊ वाजता कार्यालयात एकटी बसून त्या कागदाकडे बघत राहिले. शंभर रुपये खर्च होत होते आणि पाणीपट्टीतून जेमतेम बासष्ट येत होते. उरलेले अडतीस घरपट्टीतून जात होते. म्हणजे गटारांचे, रस्त्यांचे, शाळेच्या कौलांचे पैसे आम्ही पंपात ओतत होतो.

त्यातही वीज सगळ्यात मोठी. नदीवरच्या जॅकवेलपासून (पंपाच्या विहिरीपासून) सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या टाकीपर्यंत पाणी चढवायचं म्हणजे पाइपातलं घर्षण धरून ९० मीटरची चढण. हजार लिटर पाणी तेवढं उचलायला पुस्तकी हिशेबाने पाव युनिट वीज लागते. आमच्या जुन्या पंपांना जवळपास ०.४ युनिट लागायची. रोज २० लाख लिटर चढवायचं, तर रोजची ८०० युनिटं.

आणि वसुली कशी? अर्धा इंची जोडणी, वर्षाची ठोक पाणीपट्टी, सगळ्यांना सारखी. मुंबईला राहणाऱ्या चाकरमान्याचं घर गणपतीत आठ दिवस आणि मे महिन्यात पंधरा दिवस उघडतं. त्याला जेवढं बिल, तेवढंच बिल समुद्रालगतच्या आठ खोल्यांच्या घरगुती लॉजला, जिथे पर्यटक रोज दोनदा आंघोळ करतात. ज्या विधवेच्या घरी दोन माणसं, तिलाही तेवढंच. मला हे वर्षानुवर्षं खुपत होतं. म्हणून मी मनापासून मीटरच्या बाजूची होते, आजही आहे. वरूनही रेटा होता. केंद्राच्या सेवास्तर मानकांत शंभर टक्के मीटर, हिशेबाबाहेर जाणारं पाणी २० टक्क्यांच्या आत आणि शंभर टक्के खर्चवसुली धरलेली. चौदाव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला २० टक्के भाग कामगिरीवर होता. त्यासाठी लेखापरीक्षण झालेले हिशेब हवे, स्वतःचं उत्पन्न वाढलेलं दिसायला हवं आणि ही मानकंही जाहीर करायला हवीत.

तरी टिपणीत एक कोरी जागा राहत होती. आम्ही २० लाख लिटर पाठवतो, लोकांपर्यंत किती पोचतं? कुठेच मोजमाप नव्हतं. धरणावर नव्हतं, शुद्धीकरण केंद्रातून पाणी बाहेर पडतं तिथे नव्हतं, टाकीखाली नव्हतं. २० लाख हा आकडाही पंपाची क्षमता गुणिले तास असा काढलेला. लोकांच्या नळाला मीटर लावायला निघालो होतो आणि आमच्या स्वतःच्या टाकीला मीटर नव्हता.

सभेच्या चार दिवस आधी मी आमच्या वॉलमनकाकांना विचारलं, “सड्यावरच्या टाकीत पाणी स्थिर ठेवून रात्री पातळी मोजता येईल का?” तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस. ते म्हणाले, “येतली. पण मॅडम, तुमका रातभर जागूक होया.”

रात्री बारा वाजता पंप बंद केला. गावातल्या सगळ्या शाखांचे व्हॉल्व्ह काकांनी आधीच आवळले होते. टाकीखालची मुख्य वाहिनी तेवढी नेहमीसारखी भरलेली. टाकी गोल, आतला व्यास १० मीटर, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की ७८५ लिटर गेले. शिडीवर उभं राहून मी कापडी टेप सोडली, टॉर्चच्या उजेडात आकडा वहीत लिहिला. वारा समुद्रावरून येत होता, खाली गावातले दिवे एकेक करत मालवत होते. एक वाजता पुन्हा मोजलं. दोन वाजता, तीन वाजता, चार वाजता. चार तासांत पातळी ३१ सेंटिमीटर उतरली.

गावात एकही नळ चालू नव्हता आणि ताशी सहा हजार लिटर पाणी कुठेतरी जात होतं. मुख्य वाहिनी बारा महिने, चोवीस तास भरलेली असते. दिवसाला जवळपास १ लाख ४६ हजार लिटर झाले. आमच्यासारख्या, भुयारी गटारं नसलेल्या गावाला माणशी ७० लिटरचा निकष आहे. त्या मापाने दोन हजारांवर माणसांचं पाणी. मी ते गणित वहीत तीनदा केलं, कारण विश्वास बसेना. त्याच महिन्यात खालच्या वाडीत आम्ही टँकर पाठवत होतो.

फटफटायला लागल्यावर काका लोखंडी सळई घेऊन निघाले. वाहिनीच्या रेषेवर दर वीस पावलांवर सळई जमिनीत रोवायची, दुसरं टोक कानाला लावायचं. मी त्यांच्या मागून चालत होते. सड्याच्या उतारावर ते एका ठिकाणी बराच वेळ कान लावून बसले आणि मग मलाही बसवलं. सळईतून बारीक, न थांबणारी घरघर ऐकू आली. वर जमीन मात्र खडखडीत कोरडी. जांभ्याचं हेच आहे, पाणी वर येतच नाही. दगडाच्या भोकांतून खाली उतरतं आणि भलतीकडे निघतं. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडून एप्रिलात विहिरी तळ दाखवतात, ते ह्याच दगडापायी.

भलतीकडे म्हणजे कुठे, ते उतरून गेल्यावर दिसलं. खाली एक व्हाळ, म्हणजे ओढा आहे. आजूबाजूचं गवत पिवळं, करवंदीची पानं धुळीने माखलेली, आणि व्हाळाच्या एका कोपऱ्यात कमरेएवढं अळू! काळ्या देठांचं, हाताएवढ्या पानांचं, मे महिन्यात. त्याच्या बुडाशी दगड लावून बांधलेलं एक डबकं होतं आणि एक काकी कळशी भरत होत्या. मी विचारलं, “हे पाणी बारमाही असतं का?”

“ह्यो व्हाळ शिमगो झालो काय सुकायचो. गेली तीन-चार वर्सा सुकाक नाय. देवाची किरपा.”

मी काही बोलले नाही. काकाही बोलले नाहीत. येताना आम्ही दोघं गप्प होतो.

मुख्याधिकारी साहेबांना मी वही दाखवली. ते वाईट माणूस नव्हेत, पण दडपणाखाली होते. म्हणाले, “मॅडम, हे टिपणीत लिहायचंच का? मीटरचा ठराव होऊ दे, गळती आपण नंतर बघू.” मी म्हटलं, “साहेब, उद्या लोकांच्या दारात मीटर लावून आपण लिटरा-लिटराचे पैसे मागणार. आपल्या वाहिनीतून दिवसाला दीड लाख लिटर जातात हे माहीत असून लपवलं, तर मला त्या टिपणीवर सही करता येणार नाही.” हे बोलताना माझे हात थरथरत होते. ते थोडा वेळ वहीची पानं उलटत राहिले, मग म्हणाले, “लिहा. मीही सही करतो.” त्यांच्याबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

सभा अडीच वाजता सुरू झाली. पहिले सहा विषय वीस मिनिटांत उरकले. सातव्याला सभागृह तापलं. एक ज्येष्ठ नगरसेवक उठून म्हणाले, “नळाक मीटर लावल्यात तर लोक आमका रस्त्यात गाठतले. मतां मागूक आम्ही जातो, अधिकारी नाय जात.” एका नगरसेविकेने उलट विचारलं, माझ्या वाडीत टँकर येतो आणि लॉजवाल्यांच्या टाक्या भरून वाहतात, ते चालतं का? जमाखर्चाचा कागद मी वाचून दाखवला तेव्हा मात्र शांतता झाली. मग मी रात्रीचं मोजमाप वाचलं. टेपचे आकडे, तास, लिटर, माणसं. त्या गळतीवर नुसती वीज दिवसाला साठ युनिटं जळत होती, तुरटी आणि क्लोरीन वेगळं. कुणीतरी मागून म्हणालं, “म्हणजे चोर घरातच.” मला ते लागलं, पण खोडून काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तेवढ्यात वॉलमनकाका दारात आले. सभागृहात यायची त्यांची पद्धत नव्हे. नगराध्यक्षांना म्हणाले, “साहेब, चारचं पाणी सोडूक दहा मिनिटां आसत. सगळ्यांनी अंगणात येवा. मीटरात काय होता ता बघून मगे ठराव करा.”

सगळे उठले. अंगणातल्या नळाला काकांनी पुरवठादाराने नमुन्याला दिलेला १५ मिलिमीटरचा मीटर जोडून ठेवला होता. खाली वीस लिटरची कोरडी बादली. मीटरच्या काचेखाली काळे आकडे घनमीटरचे, लाल आकडे लिटरचे, आणि मधोमध एक बारीक चांदणीसारखी चक्री. सगळे वाकून बघत होते. चौकातला व्हॉल्व्ह उघडल्याची हाक आली. आधी नळ नुसता हुंकारला. मग शिट्टी सुरू झाली. बादलीत थेंब नाही, आणि चक्री गरागरा फिरायला लागली. लाल आकडे पळायला लागले. दहा, अठरा, तीस. एका तरुण नगरसेवकाने बादलीत हात घालून बघितला, कोरडा. पहिलं पाणी पडलं तेव्हा मीटर ४३ लिटर दाखवत होता.

दिवसातून दोन तास पाणी सोडलं की उरलेले बावीस तास नळ्या रिकाम्या होतात, त्यांत हवा भरते. पाणी येताना ती हवा पुढे रेटतं आणि साधा चक्रीचा मीटर तीही मोजतो. मला हे ऐकून माहीत होतं, डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. काकांनी मग नळ बंद केला, आकडा वाचायला लावला, पुन्हा सोडून बादली काठोकाठ भरली. बरोबर वीस लिटर. मीटर चांगला होता. त्याला रोज रिकाम्या नळीवर बसवणं चूक होतं.

परत आत आल्यावर चर्चा वेगळीच झाली. आरडाओरडा गेला, प्रश्न यायला लागले. हवा काढायला वाहिनीच्या उंच जागांवर एअर व्हॉल्व्ह किती लागतील? आवाजाच्या लहरींवर चालणारे मीटर हवा मोजत नाहीत म्हणतात, ते केवढ्याला? कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं, तिथे जाऊन बघता येईल का? मी इतक्या सभा बसून ऐकल्यात, पण पाण्याच्या विषयावर माणसं अशी खरोखर विचार करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

ठराव असा झाला. आधी मुख्य वाहिनीची गळती काढायची. मग धरण, शुद्धीकरण केंद्र आणि दोन्ही टाक्या अशा चार जागी मोठे मीटर. पाण्याचा जमाखर्च स्वतंत्र ठेवून दर तीन महिन्यांनी सभेपुढे. आणि सड्यालगतच्या एका प्रभागात, वाहिनी कायम भरलेली ठेवून आणि एअर व्हॉल्व्ह लावून, घरगुती मीटर प्रयोगादाखल. दर वापराच्या टप्प्यांनुसार, पहिल्या टप्प्याला सगळ्यात कमी. ज्येष्ठ नगरसेवकांनी विरोध नोंदवला, तो मी जसाच्या तसा इतिवृत्तात लिहिला.

गळती आठ दिवसांत काढली. जांभा फोडून दीड मीटर खाली जुन्या बिडाच्या नळीचा सांधा सरकला होता. तो बदलला, टाकीची पातळी पुन्हा रात्रभर मोजली. चार तासांत दोन सेंटिमीटर.

मग मला व्हाळाची आठवण झाली.

मी गेले तेव्हा डबकं आटलं होतं. अळवाची पानं देठापासून लोळली होती. काकी घरात होत्या. त्यांच्याकडे नळ नव्हता, कधीच नव्हता. अनामत रक्कम आणि रस्ता खोदाईचे पैसे एकदम भरणं त्यांना जमलं नव्हतं, म्हणून अर्ज केला नाही. आमच्या वहीत जे ‘गळती’ होतं त्यावर एका घराचं सगळं चालत होतं. मी त्यांना खरं सांगितलं, देवाचं पाणी नव्हतं, आमच्या नळीचं होतं, आणि ते मीच बंद करायला लावलं. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. “मगे आता मी खय जाव?” एवढंच म्हणाल्या. त्या प्रश्नाचं ओझं मी अजून बाळगून आहे. पाऊस लागेपर्यंत त्यांच्या वाटेला टँकर लावला, आणि अनामत हप्त्याने घेण्याचा विषय पुढच्या सभेत आणला. तो एकमताने मंजूर झाला. ज्येष्ठ नगरसेवकच सूचक होते.

दिवाळीनंतर त्या प्रभागात मीटर लागले. पहिल्या महिन्याचं रीडिंग घ्यायला मी मुद्दाम लिपिकाबरोबर गेले. काकींच्या मागच्या दारी मीटर, चार युनिटं, म्हणजे चार हजार लिटर. बिलाचा कागद त्यांनी उजेडात धरून बघितला आणि मला विचारलं, “गो बाय, ह्येच्यात पाणी किती नि वारो किती?”

मी त्यांची रिकामी कळशी नळाखाली ठेवली. नळ सोडला. लगेच पाणी पडलं. दोघी वाकून लाल आकड्यांकडे बघत राहिलो, कळशी भरेपर्यंत.