आमची वाटचाल : टकीला, बाँड आणि उधारी

टकीला म्हणजे मीठ चाटायचं, एका घोटात आत ढकलायची आणि लिंबू चोखायचं, एवढंच पुण्याला माहीत होतं तेव्हा आम्ही एक्स्ट्रा अन्येहो, म्हणजे पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेली टकीला, आणायचं ठरवलं. मावसभाऊ विक्री बघणार, मी कागद. घरच्यांनी वेड्यात काढलं. एफएल-वन म्हणजे घाऊक विक्रीचा परवाना, लेबल रजिस्ट्रेशन, पहिले कंटेनर, नवरात्र-श्रावणातली मंदी हे सगळं धंद्यातल्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ती वर्षं सोडून देतो. बरी गेली.

माल मेक्सिकोतल्या हालिस्को राज्याचा. लोस आल्तोस हा तिथला उंचावरचा, लाल मातीचा भाग. तिथल्या एका कुटुंबाची छोटी भट्टी आहे. "आपल्या बांधावरच्या घायपातीचीच ना?" असं प्रत्येक बारवाला विचारतो. घराणं तेच, पण टकीलाला घायपातीच्या जातींपैकी फक्त निळा अगावे चालतो, आणि तोही हालिस्को व आणखी चार राज्यांतल्या ठरलेल्या भागातलाच. रोप तयार व्हायला सहा-सात वर्षं लागतात. मग हिमादोर, म्हणजे अगावे तोडणारा गडी, कोआ घेऊन शेतात उतरतो.

कोआ हे अवजार बघण्यासारखं आहे. छातीएवढा लाकडी दांडा आणि टोकाला गोल, सपाट पोलादी पातं. काटेरी पानं बुडापासून तासत आतला गड्डा मोकळा करायचा, आणि पातं फिरतं ते पायाच्या अंगठ्याला खेटून. जरा वेळ गेला की गडी थांबतो, कानस काढून धार लावतो, पुन्हा सुरू. हिरवं जास्त राहिलं तर दारू कडवट होते, जास्त तासलं तर वजन जातं. मी एक घाव घातला तो गड्ड्यातच रुतून बसला, सगळे खो खो हसले. त्यातलाच एक जुना कोआ आज आमच्या ऑफिसच्या भिंतीवर आहे. जीएसटीचे साहेबही आधी त्याच्याकडे बघतात.

गड्डा फोडून विटांच्या भट्टीत दीड-दोन दिवस वाफेवर शिजवतात. आतल्या इन्युलिनची, म्हणजे पिठूळ साठ्याची, साखर होते. गरम तुकडा चघळला तर काकवीत बुडवलेल्या रताळ्यासारखा लागतो. मग पिळायचं, आंबवायचं आणि तांब्याच्या भांड्यातून दोनदा काढायचं. पहिल्या वेळचा ओर्दिनारियो जेमतेम वीस-पंचवीस टक्क्यांचा असतो. दुसऱ्या वेळी सुरुवातीचं आणि शेवटचं बाजूला काढून मधलं घेतात. हल्ली मोठ्या कारखान्यांत डिफ्यूजर लावून कच्च्या गड्ड्यातूनच गरम पाण्यानं साखर ओढतात. उत्पादन वाढतं. चवीबद्दल मी बोलत नाही, प्या आणि ठरवा.

एक्स्ट्रा अन्येहो हा वर्गच २००६ सालचा. ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं, आणि पिंप ६०० लिटरपेक्षा मोठं नको. आमचा भट्टीवाला बर्बन या अमेरिकन व्हिस्कीची रिकामी, साधारण २०० लिटरची पिंपं वापरतो. तिकडच्या हवेत वर्षागणिक माल उडून जातो, भाव चढतो तो त्यामुळे. त्यावर आपल्याकडची दीडशे टक्के आयात ड्यूटी. गिऱ्हाईक मात्र म्हणणार, "एवढी महाग का हो?"

मार्च २०२० मध्ये आमचा कंटेनर न्हावाशेव्याला उतरून बाँडमध्ये, म्हणजे ड्यूटी भरेपर्यंत माल ठेवायच्या कस्टम्सच्या गोदामात, गेला आणि बार बंद झाले. ९० दिवसांनंतर ड्यूटीवर व्याजाचं मीटर पडतं, वर गोदामाचं भाडं, हे तुम्हाला सांगायला नको. वाइन शॉप उघडली, पण तिथली रांग क्वार्टरसाठी होती. मावसभावानं स्वतःची गाडी विकली. बँकेनं फोन उचलणं सोडलं.

आणि नेमका तोच मुहूर्त साधून एका मोठ्या होलसेलरनं आमची बाजारपेठ पोखरली. ज्याला लेबल कसं वाचायचं इथपासून आम्ही शिकवलं तो आमचाच सेल्समन गिऱ्हाइकांची वही घेऊन तिकडे गेला. आमचा माल उन्हात पडून खराब झालाय, अशी पुडी सोडली. आणि विकलं काय? मिक्स्टो! अगावेची साखर ५१ टक्के, बाकी उसाची. त्यात कॅरमेलचा गडद रंग. चांगली चांगली हॉटेलं त्या रंगाला भुलली, ज्यांची उधारी आम्ही दोन-दोन दिवाळ्या थांबवली होती तीसुद्धा. नावं घेत नाही, वाचताहेत ते.

डेक्कनवरच्या एका परमिट रूमचे अण्णा मात्र भुलले नाहीत. त्यांची रीत ठरलेली. तळहातावर दोन थेंब घ्यायचे, चोळायचे, स्पिरिट उडू द्यायचं आणि मग वास घ्यायचा. होलसेलरच्या बाटलीला त्यांनी असंच केलं आणि हात धुऊन आले. शटर बंद असताना मला बोलावलं. म्हणाले, "तू माल सोडव रे. पैसे आत्ता घेऊन जा." मी म्हटलं, "अण्णा, तुमचाच बार बंद आहे." तर म्हणाले, "बंद आहे, गेलो नाही मी." त्या पैशावर पहिल्या पेट्या सुटल्या. ऑक्टोबरात बार उघडले तेव्हा अस्सल माल हातात असलेले आम्ही मोजक्यांपैकी होतो.

नव्यानं या लाइनीत येणाऱ्यांनो, लेबल मंजूर झाल्याशिवाय तिकडे कंटेनर भरू देऊ नका. बाटली घेताना रंग बघू नका, "१०० टक्के अगावे" बघा आणि चार आकडी नॉम नंबर बघा, त्यावरून कुठल्या कारखान्याची ते कळतं. तरी डोळे झाकून विश्वास नको, कारण कॅरमेल, ग्लिसरीन वगैरे एक टक्क्यापर्यंत लेबलवर न सांगता चालतं. बाटली उभी ठेवा, आडवी ठेवली तर बूच खराब होतं. आणि बारवाल्यांनो, ही दारू बर्फात बुडवून शॉट म्हणून देऊ नका हो.

सध्या तिकडे अगावेचे भाव कोसळलेत, शेतकरी हवालदिल आहे, आणि इकडे बाटली स्वस्त का नाही असं लोक विचारतात. पिंपातला माल महाग अगावेच्या वर्षांतला आहे, ते कोण बघतो? पुढच्या कंटेनरचं लेबल मंजूर आहे. अण्णांच्या पेट्या त्यातून आधीच बाजूला काढल्यात. वही नेलेला सेल्समन गेल्या महिन्यात नोकरी मागायला आला होता. चहा पाजला, वही परत मागितली.