सूर्यावरचे दाणे अखेर सुटे झाले: १८ मिलिसेकंदांवरून २ वर

मंडळी, ग्रॅन्युलेशन, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाची दाणेदार रचना, फोटोत मिळालं! सूर्यडागाभोवतीचा पृष्ठभाग आजवर गुळगुळीत यायचा, तिथे आता दाणा न् दाणा वेगळा दिसतोय. सेटअप जुनाच: १०२ मिमी एफ/७ रिफ्रॅक्टर, २एक्स बार्लो (प्रतिमा दुप्पट मोठी करणारी भिंग), ५४० नॅनोमीटरचा कंटिन्युअम फिल्टर (हिरव्या रंगाचा अरुंद पट्टाच सोडणारा) आणि एएसआय १७८ मोनो कॅमेरा.

गाडी अडली होती एक्स्पोजरवर. हिस्टोग्राम ७५ टक्के, फोकस पक्का, तरी स्टॅक केल्यावर (अनेक फ्रेम एकावर एक रचल्यावर) सगळं धूसर. हिस्टोग्राम उजेड किती जमला ते सांगतो. तो जमायला किती वेळ लागला, ते सांगत नाही. एनडी ५ ची सौरफिल्म (एनडीचा आकडा १ ने वाढला की उजेड दहाव्या हिश्शावर), वर बार्लो, वर कंटिन्युअम, यातून इतका कमी उजेड उरतो की गेन (कॅमेऱ्याचा सिग्नल फुगवण्याची सेटिंग) २०० ठेवूनही १८ मिलिसेकंद लागायचे. दिवसाची हवा तेवढ्यात चित्र हलवून मोकळी होते. आणि आपल्याकडे हलायला जागाच नाही: १०२ मिमीची भेदनक्षमता या रंगात साधारण १.३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), आणि दाणा स्वतःच जेमतेम तेवढा, हजारेक किलोमीटरचा.

गेन ६० ने वाढवला की एक्स्पोजर निम्मं होतं, म्हणून ३२० पर्यंत नेऊन पाहिलं. साडेचार मिलिसेकंद मिळाले, पण फ्रेम खरखरीत. गेनने उजेड वाढत नाही, आहे तोच फुगतो. खरा उजेड हवा तर फिल्मच बदलायला हवी होती.

एनडी ३.८ ची फिल्म लावली. फरक १.२ चा, म्हणजे उजेड जवळपास १६ पट! गेन २०० वर १.१ मिलिसेकंद दिसले तेव्हा स्क्रीनवरून नजर हटेना. मग गेन १५० वर उतरवून २ मिलिसेकंदांवर स्थिरावलो. थोडा नॉइझ राहतो, राहू दे. ३०० फ्रेम स्टॅक केल्या की तो सतराव्या हिश्शावर येतो. पुसट फ्रेम मात्र कितीही रचल्या तरी पुसटच. व्हिडिओ मिनिटाच्या आत संपवतो, कारण दाणे काही मिनिटांतच रूप बदलतात.

ही फिल्म फक्त कॅमेऱ्यासाठी. ती लावलेली असताना आयपीस जवळपाससुद्धा ठेवू नका आणि फाइंडर काढूनच ठेवा. माझी फिल्म दुकानदाराने चक्क घडी घालून पाठवली. सैल सुरकुत्यांनी बिघडत नाही, पण घडीवर छिद्र पडू शकतं. प्रत्येक वेळी उजेडासमोर धरून तपासा. फिल्म धरणारी चौकट, म्हणजे सेल, मी जाड पुठ्ठ्याचा केलाय, फिल्म ताणून न बसवता. महागड्या तयार सेलची गरज मला तरी वाटत नाही.

जागाही बदलली. गच्चीचा स्लॅब नऊलाच तापतो आणि सीइंग (हवेची स्थिरता) कोसळतं. आता रावेरकडे केळीच्या बागेत, पिलबागेच्या (जुन्या खुंटाच्या पिलांवर धरलेल्या बागेच्या) बांधावर ट्रायपॉड लावतो. खाली ओल, समोर हिरवळ, त्यामुळे सूर्य वर आल्यावर दीड-दोन तास हवा बऱ्यापैकी शांत मिळते. मार्चनंतर आपल्या खान्देशी उन्हात ही वेळ आणखी आखडेल.

पुढे पूर्ण बिंबाचा मोझाइक (तुकडे जोडून एक चित्र) करायचा होता. पण हे लिहिताना दुसरंच सुचलं. २ मिलिसेकंदांत डागाचा गाभा काळा ठिक्कर येतो. त्यासाठी एक्स्पोजर वाढवलं तर पुन्हा हवेच्या तावडीत. मग एक्स्पोजर २ वरच ठेवून गेन २७० केला तर? उजेड चौपट दिसेल, बाहेरचा पृष्ठभाग जळेल, जळू दे. तो पहिल्या व्हिडिओतून घ्यायचा आणि गाभा दुसऱ्यातून. गाभ्यामधला प्रकाशसेतू (गाभ्याला छेदणारी उजळ पट्टी) असा उमटायला हवा. मोझाइक थांबेल, आधी हेच.

धुळे-नंदुरबारकडचं कुणी ३.८ वापरत असेल, तर आपला गेन, एक्स्पोजर आणि घेतल्याची वेळ जरूर कळवा.