मीटरगेजवरून दा नांग

बुधवार, रात्री साडेअकरा. होई आन, व्हिएतनाम.

पाय भयंकर दुखतायत पण आजचं आजच लिहून ठेवते. उद्या परत बॅगा भरण्यात दिवस जाईल आणि मग कुठलं देऊळ कुठल्या गावातलं ते आठवत बसावं लागेल.

सकाळी ह्वेला साडेपाचलाच जाग आली. राजवाडा काल बघून झाला होता. 1802 ते 1945 न्गुएन घराण्याची राजधानी इथे होती आणि व्हिएतनाम युद्धातल्या 1968 च्या लढाईत त्याची एवढी नासधूस झाली की आत कितीतरी ठिकाणी नुसती जोती उरलीत आणि त्यांच्यावर गवत. काल ते बघून दोघंही गप्प झालो होतो. म्हणून आज गाडीच्या आधी फक्त थिएन मू हा बौद्ध मठ करायचं ठरवलं, हुओंग नदीच्या काठावर टेकाडावर आहे, सात मजली बुरूज. बुरुजापेक्षा मला मागच्या बाजूला ठेवलेली ती निळी ऑस्टिन गाडी जास्त लक्षात राहिली. थिक क्वांग डुक नावाचे भिक्षू 11 जून 1963 ला सायगावच्या चौकात ह्याच गाडीतून आले, खाली उतरले, रस्त्यावर मांडी घालून बसले आणि स्वतःला जाळून घेतलं, बौद्धांवर सरकार करत होतं त्या जुलमाच्या विरोधात. तो फोटो शाळेत असताना कुठेतरी बघितला होता. गाडी एकदम साधी आहे, कुणाच्याही अंगणात उभी असेल अशी. नमस्कार केला आणि निघालो.

बाहेर एका बाईंकडून दोन बान्ह मी, म्हणजे इथले पावाचे सँडविच, घेतले. इथे शाकाहारीला 'चाय' म्हणतात, तेवढा एक शब्द पाठ असला की पोटाची चिंता मिटते, मी तर दिवसभर चाय चाय करतच फिरते. चाळीस हजार डोंग झाले, मी दोन निळ्या नोटा दिल्या आणि चालायला लागलो. पन्नास पावलं गेलो असू तर मागून कुणीतरी ओरडतंय, वळून बघते तर त्या बाई गाडा तसाच सोडून पळत येतायत. दोनातली एक नोट वीस हजाराची होती आणि दुसरी पाच लाखांची, दोन्ही निळ्याच आणि दोन्हीवर हो ची मिन्ह. त्यांनी पाच लाखांची नोट माझ्यासमोर धरली आणि शून्यांवर एकेक करत बोट ठेवलं, लहान मुलाला शिकवतात तसं, मग माझ्या मुठीत कोंबली. आपले 1,600-1,700 रुपये. दिवसभर गाड्यावर उभं राहणाऱ्या बाईला ती रक्कम काही कमी नव्हती. मला शब्दच सुचेना, त्यांचे दोन्ही हात धरून नुसती उभी राहिले. त्या हसल्या, वीस हजाराची बरोबर नोट घेतली आणि पळतच परत गेल्या कारण गाड्यावर गिऱ्हाईक आलं होतं.

आता ट्रेन. हॉटेलवाले सगळे सांगत होते की कारने जा, लवकर पोचाल, हाय व्हान घाटाखालून 2005 मध्ये सव्वासहा किलोमीटरचा बोगदा झालाय. पण नवरा ऐकेना, म्हणाला रेल्वेनेच जायचं आणि डाव्या बाजूची खिडकी पाहिजे. मला वाटलं समुद्रासाठी म्हणत असेल. ह्वे स्टेशनला गाडी लागली आणि हा डब्यात चढायच्या आधी खाली वाकून रूळ बघत उभा. म्हणे, मीटरगेज आहे गं.

हनोई ते सायगाव 1,726 किलोमीटरची ही लाइन 1936 ला पूर्ण झाली, युद्धात तिचे तुकडे तुकडे झाले आणि दोन्ही व्हिएतनाम एक झाल्यावर 1976 मध्ये परत जोडली. आणि अजूनही गेज तेच, एक मीटर. नवरा अकोल्याचा. त्याचे आजोबा अकोला-खंडवा मीटरगेजवर धुळघाटला गँगमन होते, तिथे लाइन डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच डोक्यावरून जायची, तो लूप बघायला लहानपणी सुट्टीत हा तिकडे जायचा. लग्नाला नऊ वर्षं झाली, धुळघाट हे नाव मी आजपर्यंत चार-पाचदा ऐकलं असेल. आज अडीच-तीन तास दुसरं काही ऐकलंच नाही!

लांग को येईपर्यंत भातशेती, म्हशी, शेतातच बांधलेल्या रंगीत समाध्या. ट्रॉलीवाली मक्याची उकडलेली कणसं घेऊन आली ती खाल्ली. मग खाडी मागे पडली आणि गाडी चढायला लागली, एकदम हळू, आणि डावीकडे सरळ खाली समुद्र. बोगदा, उजेड, परत बोगदा. वळणावर पुढचं इंजिन दिसायला लागलं तेव्हा ह्याने माझा दंड धरला आणि म्हणाला, हे बघ, हे असंच, आजोबा म्हणायचे वळणावर गाडी आपल्याकडे वळून बघते. चाकांचा आवाज पण सांगत होता, ब्रॉडगेजचा कसा वेगळा असतो ते. मला त्यातलं काही कळत नाही पण त्याचा चेहरा मी बघत होते. खाली दगडांवर लाटा फुटत होत्या आणि हा समुद्र सोडून रुळांखालचे स्लीपर मोजत होता.

दा नांगला उतरलो, सामान स्टेशनजवळ ठेवलं आणि चाम म्युझियमला गेलो, 1919 पासूनचं आहे. चाम म्हणजे पूर्वी ह्या भागावर राज्य करणारे लोक. तासभरात उरकू म्हंटलं होतं, अडीच तास गेले. 'मी सन' नावाच्या त्यांच्या जुन्या देवस्थानातलं बरंच शिल्प इथे आणून ठेवलंय. चाम राजे शिवाचे भक्त, मी सनला चौथ्या शतकापासून शिवाची पूजा, भद्रवर्मा राजाने देवाला भद्रेश्वर नाव दिलेलं. 1969 ला तिथे अमेरिकन बॉम्ब पडले, सगळ्यात उंच बुरूज गेला. आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तिथे काम केलंय, 2020 मध्ये त्यांनाच एक अख्खं शिवलिंग सापडलं, हे वाचलेलं होतं पण तिथे उभं राहून आठवलं तेव्हा अंगावर काटा आला.

आणि मग गणपती दिसला. उभा गणपती, सातव्या-आठव्या शतकातला, कमरेला व्याघ्रचर्म, हातात वाडगं आणि सोंड त्या वाडग्यात. म्हणजे खातोय! सोंडेच्या वळणावर दगड इतका गुळगुळीत आहे की वाटतं कितीतरी हात फिरले असतील. मी तिथे बाकावर बसले आणि मनात अथर्वशीर्ष म्हटलं, आईने रोज म्हणायला लावलेलं. फूल नाही, दूर्वा नाही, समोर फक्त नंबरची पाटी. पण त्याच्यासाठी कुणीतरी कुठल्यातरी भाषेत काहीतरी म्हणत असेलच ना तेव्हा, रोज सकाळी. निघावंसं वाटेना. शेवटी नवराच म्हणाला चल, नाहीतर अंधार होईल.

होई आनला टॅक्सीने पाऊण तास लागला. रस्त्यातली दोन्हीकडची रिसॉर्ट्स बघण्यासारखी नाहीत. गावात मात्र संध्याकाळी कंदील लागले आणि गर्दी असूनही छान वाटलं. जपानी पूल हाच वीस हजाराच्या नोटेवर छापलाय. मी पर्समधून नोट काढून बघितली, मग पाच लाखांची काढून दोन्ही शेजारी धरल्या. उजेडात रंगाचा फरक कळतो, सकाळी कळला नव्हता. त्या बाईंचा फोटोसुद्धा काढला नाही.

नदीकाठी बसून नवऱ्याने अकोल्याला फोन लावला, तिकडे साडेसहा वाजले होते, बाबा देवापाशी दिवा लावून नुकतेच बसलेले. ह्याने काहीच न सांगता आधी घाटातला व्हिडिओ पाठवला. थोडा वेळ काही आवाज नाही. मग बाबा म्हणाले, "हे तर मीटरगेज हाय ना बे?" ह्याने हो म्हटलं. मग बाबांनी परत लावला व्हिडिओ, आम्हाला फोनवर त्याचा आवाज येत होता, खडखड खडखड, आणि मधेच ते आईंना हाक मारत होते, "इकडं ये, लवकर ये."