श्टुटगार्टमधील नवागतांसोबत : आमची वाटचाल

जर्मनीतील श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८पासून भगिनी शहरे आहेत, आणि पुणे-चाकणच्या कारखान्यांतून इकडच्या कार्यालयांत येणाऱ्या अभियंत्यांमुळे या भागात मराठी कानावर पडणे आता नवलाचे राहिलेले नाही. परदेशातून आलेल्या कुटुंबांना पहिल्या काही महिन्यांत सोबत करणारी आमची छोटी फर्म याच वर्दळीतून उभी राहिली. आरंभी मी आणि माझी पत्नी ओळखीच्या लोकांबरोबर सरकारी कार्यालयांत जात असू आणि त्यांना आलेली जर्मन पत्रे समजावून सांगत असू. प्रत्येक घरात तेच प्रश्न त्याच क्रमाने उभे राहतात हे लक्षात आल्यावर आम्ही रीतसर व्यवसायाची नोंदणी केली.

तो क्रम सांभाळणे हाच आमच्या कामाचा गाभा आहे. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत रहिवासाची नोंद, म्हणजे आन्मेल्डुंग, करावी लागते आणि तिच्यासाठी नोव्हेंबर २०१५पासून घरमालकाचा लेखी दाखला बंधनकारक आहे. नोंद झाल्यावर करक्रमांक टपालाने घरी येतो. मात्र टपालपेटीवर नाव लावलेले नसेल, तर तो दारापर्यंत येऊनही परत जातो. म्हणून किल्ली हातात पडताच आम्ही आधी नावाची पट्टी लावून घेतो. असा दाखला देण्याची तयारी नसलेल्या मालकाची खोली कितीही स्वस्त असली, तरी आम्ही ती कोणाला सुचवत नाही, कारण त्या एका कागदावाचून पुढची सगळी कामे अडतात.

घर मिळवणे हे सर्वांत कठीण काम आहे. नवागताची इथे कर्जफेडीची कोणतीही नोंद नसते, त्यामुळे नोकरीचा करार, कंपनीचे पत्र आणि कुटुंबाची थोडक्यात ओळख अशी फाइल आम्ही तयार करून देतो. मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त अनामत मागता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे, हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो. जून २०१५पासून भाड्याच्या घरांची दलाली दलालाला काम सोपवणाऱ्यानेच द्यायची असते; आमच्या अशिलांच्या विश्वासाला धक्का लागू नये म्हणून घरमालकांकडून एक पैसाही घ्यायचा नाही, असे आम्ही ठरवले आणि पाळले. अनेक घरांत ओटा, सिंक, शेगडी यांपैकी काहीच नसते आणि आधीच्या भाडेकरूकडून ते विकत घ्यावे लागते, हे ऐकून भारतातून आलेली माणसे हमखास चकित होतात. श्टुटगार्टभोवतालच्या श्वाबिया प्रदेशातील केअरवोखेचेही तसेच आहे : जिना आणि इमारतीपुढची वाट झाडण्याची पाळी दर आठवड्याला बदलते. ही पाळी मनापासून पाळणाऱ्या कुटुंबाचे शेजाऱ्यांशी नाते लवकर जुळते, असा आमचा अनुभव आहे.

जी मदत शहरात विनामूल्य मिळते, तिचे पैसे आम्ही घेत नाही. शार्लोटेनप्लात्झजवळचे वेलकम सेंटर आणि कारितास, डियाकोनी यांसारख्या संस्थांची स्थलांतरित-सल्ला केंद्रे यांचे पत्ते आम्ही पहिल्या दिवशीच देतो. कायद्याचा वाद असेल तर वकिलाकडे किंवा भाडेकरू संघाकडे पाठवतो. जिवावर बेतले तर ११२ आणि दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७, हे दोन क्रमांक मुलांनासुद्धा पाठ असावेत, असा माझा आग्रह असतो.

नोकरदार जोडीदार कार्यालयात रुळतो, पण घरी राहणारी व्यक्ती मात्र एकटी पडते, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यामुळे भाषेच्या वर्गात नाव घालणे हे आम्ही घर लावण्याइतकेच तातडीचे मानतो. साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास समाजपरिचय असा एकात्मीकरण अभ्यासक्रम, किंवा फोल्क्सहोखशूले या प्रौढशिक्षण केंद्राचे संध्याकाळचे वर्ग, यांतून अनेकींना मैत्रिणी आणि पुढे नोकऱ्याही मिळाल्या. आमच्याकडे आज काम करणाऱ्या दोघी याच वाटेने आल्या आहेत.

आता आम्ही वाहन परवान्याची तयारीही करून घेतो. भारतीय परवाना इथे स्थायिक झाल्यापासून सहाच महिने चालतो आणि नंतर लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. तरीही उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी वाट देण्याचा नियम अंगवळणी पडायला वेळ लागतो, म्हणून शनिवारी आम्ही त्याचा सराव घेतो.