केशरी कार्ड आणि सासूबाईंचं खातं : माझा अनुभव

शेतकऱ्याला रेशन कशाला लागतं, असं शहरातले नातेवाईक नेहमी विचारतात. त्यांनी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात येऊन पाहावं. आमच्या कोरडवाहू वावरात कापूस, सोयाबीन आणि मधल्या तासांत तूर. डाळीपुरती तूर घरात राहते, बाकी सगळं बाजारात जातं. सासरे होते तोवर ज्वारी असायची. पण रोही (नीलगाई) आणि रानडुकरं ती उभी राहू देत नाहीत आणि रात्रभर जागलीला जाणारं माणूस आता घरात नाही. पाण्याशिवाय गहू होत नाही. म्हणजे भाकरी असो की पोळी, दाणा विकतचाच.

आमचं कार्ड केशरी. अन्न सुरक्षा कायद्याखाली स्वस्त धान्य मिळणाऱ्या प्राधान्य यादीसाठी ग्रामीण भागात वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा 44 हजार रुपये धरली आहे, त्यामुळे त्या यादीत आम्ही नव्हतो. ऑगस्ट 2015 पासून मात्र राज्य सरकारने मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना माणशी 5 किलो धान्य सुरू केलं. गहू 2 रुपये, तांदूळ 3 रुपये किलो. चार माणसांचं 20 किलो धान्य साठ रुपयांच्या आत घरात यायचं. त्या धान्यावर आमचे कितीतरी पावसाळे निघाले आहेत.

2022 मध्ये ते बंद पडलं. या योजनेसाठी केंद्राकडून गहू-तांदूळ मिळणं थांबलं होतं. मग फेब्रुवारी 2023 मध्ये निर्णय झाला की धान्याऐवजी जानेवारीपासून माणशी महिन्याला 150 रुपये थेट खात्यात द्यायचे. पुढे त्याचे 170 झाले.

पैसे जमा होणार होते कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात. हे मला मनापासून पटलं. पण आमचं कार्ड अजून सासऱ्यांच्या नावावर होतं, आणि ते जाऊन बराच काळ लोटला होता. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी मृत्यूचा दाखला जोडून त्यांचं नाव कमी करणं आणि सासूबाईंना प्रमुख करणं आलं. तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज दिला. अर्जाची पोच शिक्क्यासह मागून घ्यावी, हे सगळ्यांना सांगते. आमचा कागद मध्येच सापडेना तेव्हा त्या पोचेमुळेच तो पुन्हा शोधला गेला. नाव बदलल्यावर दुकानदाराकडून कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर घेतला. फॉर्म, कार्डाच्या पहिल्या-शेवटच्या पानाची आणि पासबुकाची झेरॉक्स त्याच्याकडेच दिली. हे काम सोपं झालं.

अडलं ते बँकेत. सासूबाईंचं खातं होतं, त्याला आधारही जोडलेलं होतं, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. शेजारच्या काकूंचे पैसे आले, आमचे नाहीत. शेवटी महा-ई-सेवा केंद्रातल्या मुलाने आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग' उघडून दाखवलं, तर तिथे एकही बँक दिसेना. खात्याला आधार जोडलेला असणं आणि सरकारी पैशासाठी तेच खातं सीड केलेलं असणं, म्हणजे आधारवर येणारे पैसे याच खात्यात टाकायचे अशी नोंद असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हे आम्हाला ना दुकानात कोणी सांगितलं, ना बँकेत.

सीडिंगच्या अर्जासोबत बँकेत थम मागितला. सासूबाईंचा अंगठा मशीन घेईना. जन्मभर निंदण आणि कापूस वेचणी केलेली बोटं, त्यांवरच्या रेषा झिजून गेलेल्या. त्यांनी बोट पदराला पुसलं, पाण्याने धुऊन पाहिलं, एकामागून एक सगळी बोटं लावली. मागची रांग चुळबुळ करू लागली तशा त्या म्हणाल्या, "राहू दे वं बाई, नाही भेटले तर नाही." मला फार वाईट वाटलं. ज्या कामाने ही बोटं झिजली, त्याच कामासाठी ही योजना आहे. मग आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे नव्याने दिले. त्यानंतर सीडिंग झालं आणि पैसे सुरू झाले.

पैसे येतात, पण वेळेवर येत नाहीत. काही महिने काहीच नाही, मग मागचे एकदम जमा होतात. चार माणसांचे 680 रुपये महिन्याला ठीक वाटतात, पण जून-जुलैत घरातला सगळा पैसा बियाणं, खत आणि निंदणाच्या मजुरीत गेलेला असतो. त्याच दिवसांत खातं कोरडं असलं की गहू किराणा दुकानातून उधारीवर येतो, आणि उधारीचा भाव रोखीचा नसतो. पूर्वी महिना उलटला तरी दुकानात आमचं पोतं यायचं. पैसे आले की ते औषधाला, वह्यांना, फवारणीलाही जातात. त्यात कोणाची चूक नाही, घरात गरजा तेवढ्या आहेत. पण दाणा घरात आला की तो शिजतोच. म्हणून पेरणी ते पोळा या काळात तरी या 14 जिल्ह्यांत धान्यच द्यावं, असं मला ठामपणे वाटतं. ग्रामसभेत मी हे मांडलं आणि बायकांनी हात वर करून साथ दिली. ठराव पुढे तहसीलला गेला आहे.

आता लहान मुलीचं नाव कार्डात चढवायचं राहिलं आहे. जन्मदाखला जोडून अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे.